सगुणा हातावर बसते

टेबलावर नऊ मनगटी घड्याळं होती. सहा चालू, तीन उघडून ठेवलेली. दोन गजराची. एक भिंतीवरचं, काच काढलेलं. चार चिमटे, पेट्रोलची एक वाटी, तिच्यावर झाकण म्हणून बशी, आणि डोळ्याला लावायचं एक काळं भिंग. या सगळ्याच्या डाव्या बाजूला मासे पाळायला आणतात तसली काचेची पेटी. पेटीत चार बोटं नारळाचा भुसा, फुटक्या कुंडीचा अर्धा तुकडा, पाणी भरलेलं बरणीचं झाकण, आणि कुंडीच्या सावलीतून बाहेर आलेले पाय. पाय मी दोनदा मोजले. सात पूर्ण होते, आठवा निम्मा.

“मागच्या वेळी कात टाकताना तुटला,” पोरेकाका म्हणाले. “पुढच्या कातीला परत येईल. आपल्याला देवानं ही सोय ठेवली नाही.”

त्यांनी पेटीचं झाकण सरकवलं, उजवा हात आत घातला आणि तळवा वर करून भुशावर ठेवला. मग काहीच केलं नाही. मिनिटभरानं कुंडीखालून एक पाय पुढे आला, त्यानं बोटाचं टोक चाचपलं, मागे गेला, पुन्हा आला. मग ती सगळीच बाहेर आली. माझ्या पंजाएवढी, तपकिरी, पाठीवर विझत्या निखाऱ्यासारखी गुलाबी झाक. तळव्यावर चढली आणि बसली. काकांनी हात बाहेर काढून माझ्यासमोर धरला. तो हात जराही हलत नव्हता. चाळीस वर्षं त्या हातानं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या होत्या.

“सहा वर्षं झाली,” ते म्हणाले. “एकदाही चावली नाही. माझा हात ओळखते ती. हेच मला लेखी पाहिजे.”

फलटणला आमच्या घरापासून चार दुकानं सोडून पोरेकाकांचं घड्याळाचं दुकान होतं, आणि दुकानावरच त्यांचं घर. मी जूनमध्ये कोल्हापुरातून प्राणिशास्त्रात एमएस्सी होऊन परतले होते. डिसेंबरात पीएचडीची मुलाखत होती, आणि तोवर घरी बसून वडिलांचे टोमणे ऐकायचे होते. माझं शिक्षण काय झालंय हे वडिलांनीच काकांना सांगितलं असणार, कारण एके दिवशी काकांनी ‘मयूरी’ अशी हाक मारून मला आत बोलावलं आणि सगुणा दाखवली. कोळ्याची ही जात चिली देशातली. बंगळुरात नोकरी करणाऱ्या भाच्यानं ती पाळली होती. तो कॅनडाला गेला तेव्हा मामाकडे ठेवून गेला.

लेखी कशाला पाहिजे होतं तेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. त्यांचा मुलगा हृषीकेश पुण्यात इंजिनिअर. सून केतकी पहिल्या बाळंतपणाला बारामतीला माहेरी गेलेली. बाळ सव्वा महिन्याचं झालं की फलटणला यायचं होतं, आणि हृषीकेशनं फोनवर सांगून टाकलं होतं, की बाळ उंबऱ्याच्या आत यायच्या आधी ती पेटी बाहेर गेली पाहिजे. कुठं, ते त्यानं सांगितलं नव्हतं. काकांना ते न सांगताही समजलं होतं.

“तो माझं ऐकत नाही,” काका म्हणाले. “कागदाचं ऐकतो. तू कागद कर.”

मी म्हटलं, प्राणी हाताळणं खुशीनं सहन करतो की नाही हे सांगायचं तर मोजावं लागेल. मोजल्यावर जे निघेल तेच मी लिहीन.

“मोज की. मी काय घाबरतो का?”

रीत मी ठरवली. विद्यापीठातले आमचे कुलथेसर सांगायचे, तिसाच्या खालचा आकडा म्हणजे गप्पा. म्हणून तीस दिवस. रोज दुपारी दीडला, दुकान जेवणासाठी अर्धं बंद असताना, सगुणेला तीन गोष्टींवर पाच-पाच मिनिटं बसवायचं: काकांचा तळवा, माझा तळवा, आणि गरम पाण्याची रबरी पिशवी, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. आधी कोणतं, नंतर कोणतं, हे चिठ्ठी काढून ठरायचं. तिला काकांचा हात खरंच ओळखता येत असेल तर तो फरक पिशवीशी तुलना करताना दिसायलाच हवा. चढायला किती सेकंद लागले, किती वेळ स्थिर बसली, किती वेळा उतरू पाहिलं, अंग किती वेळा घासलं, चावली का, असे वहीत रकाने आखले.

आतापर्यंत काका तिला आठवड्यातून एकदाच हातावर घ्यायचे, मंगळवारी, दुकान बंद असायचं तेव्हा. मी म्हटलं, आठवड्याला एक म्हणजे तीस व्हायला सात महिने लागतील. रोज घ्यावी लागेल. ते खूश झाले.

एक अटही घातली. वही त्यांनी बघायची नाही आणि तीस दिवस पुरे होईस्तोवर मी काहीही बोलायचं नाही. नाहीतर नकळत माणूस हात वेगळा धरतो आणि सगळं बिघडतं.

“म्हणजे पेपर फुटता कामा नये,” काका म्हणाले. “कबूल.”

गरम पाण्याची पिशवी शालनकाकूंची होती. कंबरेला शेकायची. ती त्यांनी जिन्यावरून खाली दिली आणि तिथंच उभ्या राहिल्या.

“घरात झुरळ दिसलं तरी मला मारू देत नाहीत,” त्या मला म्हणाल्या. “सगुणेला खायला होईल म्हणतात. आता माझी पिशवी पण सगुणेला. पस्तीस वर्षांत माझा हात कधी असा धरला नाही गं यांनी, पाच मिनिटं.”

“तू बसशील का पाच मिनिटं गप्प?” काकांनी विचारलं.

पहिले अकरा दिवस सुरळीत गेले. चावा शून्य. माझ्या हातावर ती पहिल्या दिवशी चढली तेव्हा मी दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरून ठेवली होती. चौथ्या दिवसापासून कड सोडली. तिचं वजन हातावर लागतच नाही. पायांच्या टोकांचा एक थंड, चिकटसर स्पर्श तेवढा कळतो. काका खालच्या आवाजात तिच्याशी बोलत असायचे. कुणाचं घड्याळ दुरुस्तीला आलंय, कोण पैसे बुडवणारा आहे. अधूनमधून ती मागचा एक पाय उचलून पोटावर भराभर घासायची.

“अंग खाजवते,” काका म्हणायचे. “जेवण झाल्यावर मी पोटावरून हात फिरवतो ना, तसं. माणूस निवांत असला की असंच करतो.”

मी ‘अंग घासणे’च्या रकान्यात एक रेघ मारायचे.

बाराव्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, म्हणून काकांनी कामाचा दिवा लावला. दिव्याची मान खाली, टेबलालगत वाकवलेली होती. त्यांची पाळी होती. सगुणा तळव्यावर बसली, मिनिटभरानं तिनं पाय उचलला आणि पोटावर घासला. तिरप्या उजेडात मला दिसलं, की तिच्या पोटावरून काहीतरी उडालं. पिठाच्या गिरणीत सूर्यकिरणात दिसतं तसं. ते वर गेलं, क्षणभर तरंगलं आणि काकांच्या मनगटावर, बाहीवर, टेबलावर उतरलं. काकांच्या चष्म्यावर दिव्याची झळाळी होती. त्यांना दिसलं नाही.

त्यांची पाच मिनिटं झाल्यावर मी टेबलावर सुटे भाग मांडायला पसरलेला काळा कागद उचलून घरी नेला आणि कॉलेजातल्या माझ्या भिंगाखाली धरला. केस होते. मिलीमीटरच्या कितव्या तरी हिश्श्याचे, दोन्ही टोकांना निमुळते. एका चौरस सेंटीमीटरात मी शेहेचाळीस मोजले.

संध्याकाळी वाचायला बसले. जे सापडलं ते स्पष्ट होतं. या जातीची कोळीण चावत नाही कारण तिला चावायची गरज नाही. नकोसं झालं, की ती पोटावरचे केस पायानं झाडून उडवते. केसांना उलटे काटे असतात. कातडीत शिरले तर खाज आणि पुरळ. डोळ्यात शिरले तर ते चोळून, धुऊन निघत नाहीत. काट्यांमुळे त्यांना पुढेच जाता येतं, मागे येता येत नाही. पाळणाऱ्यांनी तिला हातावर घेतल्यावर हात साबणानं धुवावेत आणि डोळ्यांना लावू नयेत, असं दोन ठिकाणी लिहिलेलं होतं.

मी वहीत त्या दोन्ही लेखांची नावं, पानं, वर्षं उतरवून घेतली. ‘अंग घासणे’ खोडून त्या रकान्याला ‘केस उडवणे’ असं नाव दिलं. मागच्या अकरा दिवसांच्या रेघा तशाच चालणार होत्या, हे बघून मला बरं वाटलं होतं.

काकांना सांगायचं की नाही याचा विचार मी केला. नीट केला. सांगितलं तर ते हात वेगळा धरतील. आधी साबण लावतील आणि तळव्याला साबणाचा वास येईल, म्हणजे पहिले बारा दिवस एका अटीवर आणि उरलेले अठरा दुसऱ्याच अटीवर. कदाचित थांबवतीलच. कदाचित हृषीकेशला आत्ताच सांगून टाकतील. आणि सहा वर्षांत त्यांना काही झालं नव्हतं. आणखी अठरा दिवसांत काय होणार होतं? शिवाय बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि ती अट मीच घातली होती.

तेराव्या दिवशी मी दुकानात जाताना बीएस्सीच्या केमिस्ट्रीचा प्लास्टिकचा चष्मा घेऊन गेले. कडेनं बंद असतो तसला. तो लावून बसले. काका बराच वेळ हसले.

“वेल्डिंगला आलीस का?”

मी म्हटलं, सवय करतेय, पुढे लॅबमध्ये लागेल. माझी पाच मिनिटं झाली की मी मागच्या मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे. दोनदा. काका तोवर सगुणेला पेटीत सोडून, हातावर हात झटकून, स्टुलावर बसलेले असायचे. समोर गिऱ्हाइकांची कामं असायची. ते भिंग उचलायचे, कडेवर बोट फिरवायचे आणि उजव्या डोळ्याच्या खोबणीत बसवायचे. रोज. दोन वाजायच्या सुमाराला.

त्याच दिवशी बारामतीहून फोन आला. मुलगी झाली होती. काकांनी मला पेढा दिला आणि दुसरा पेटीच्या काचेसमोर एकदा धरून स्वतः खाल्ला.

सोळाव्या दिवसापासून त्यांच्या मनगटावर लाल पुरळ दिसायला लागलं. पेट्रोलनं उठलंय, ते म्हणाले. जुनं आहे. मी शेऱ्यात लिहिलं: ‘मनगट, पुरळ, अंदाजे वीस ठिपके.’ एकोणिसाव्या दिवशी पस्तीस.

तेविसाव्या दिवशी त्यांचा उजवा डोळा लाल होता.

त्या वर्षी फलटणमध्ये डोळ्यांची साथ होती. शाळेतली निम्मी मुलं काळे चष्मे लावून घरी बसली होती. काकांनी मेडिकलमधून थेंब आणले होते आणि डोळा सारखा पुसत होते. आलेत डोळे, असं त्यांनीच सांगितलं. मी लांब बसावं, मला लागण होईल, असंही म्हणाले. साथीत बहुतेकांचे दोन्ही डोळे येतात. काकांचा एकच आला होता. मी शेऱ्यात लिहिलं: ‘उजवा डोळा लाल (साथ).’ कंसातला शब्द लिहून झाल्यावर मी पेन थोडा वेळ कागदावरच धरून ठेवलं होतं. तिथं शाईचा ठिपका आहे. अकरा वर्षं झाली. वही माझ्याकडे आहे.

पंचविसाव्या दिवशी बारसं होतं. काका-काकू सकाळच्या एसटीनं बारामतीला गेले. मी तो दिवस रिकामा जाणार असं धरून चालले होते, पण पाच वाजता हाक आली. काका बारशाच्या कपड्यांतच स्टुलावर बसले होते. डोळ्यावर काळा चष्मा.

“खाडा नको म्हणून जेवून लगेच निघालो,” ते म्हणाले. “व्याह्यांना काय सांगितलं असेल ते विचारू नकोस.”

मी बाळाचं विचारलं.

“नाव ओवी ठेवलं. दारातनं पाहिली. डोळे आलेल्या माणसानं लहान पोराला घ्यायचं नसतं. लांबनं मला वाटलं, नाक आमच्या आईचं आहे.” त्यांनी चष्मा काढून रुमालानं पाणी टिपलं. “तिकडं सगळे ‘घ्या, घ्या’ म्हणत होते. मी म्हटलं, सव्वा महिन्यानं घेईन, माझ्याच घरात घेईन.”

मग त्यांनी हात पेटीत ठेवला. चिठ्ठीत पहिलं नाव त्यांचंच निघालं होतं.

काकू जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, हे थेंब नऊ वेळा घालून उतार कसा पडत नाही? तू शिकलेली आहेस, तुला काय वाटतं? मी म्हटलं, डॉक्टरना दाखवा. काकू म्हणाल्या, तेच मी तीन दिवस सांगतेय. काका म्हणाले, तीस पुरे होऊ देत. मग साताऱ्याला जाऊन येतो. एक दिवस चुकला तर पोरीचा सगळा हिशेब चुकेल.

सत्ताविसाव्या दिवशी त्यांनी भिंग डाव्या डोळ्याला लावून पाहिलं. दोनदा चिमट्यातून स्क्रू निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी भिंग काढून ठेवलं आणि गिऱ्हाइकाला आठ दिवसांनी यायला सांगितलं.

तिसावा दिवस गुरुवारी झाला. पुढचे दोन दिवस मी आकडेमोड केली. शनिवारी दुपारी तीन पानं घेऊन दुकानात गेले. काकांनी शटर पाऊण खाली ओढलं. डोळा आता नुसता लाल नव्हता. पापणी सुजून निम्मी मिटली होती, आणि बुबुळाच्या काळ्यावर दुधाचा थेंब पडावा तसं दिसत होतं.

“वाच,” ते म्हणाले. “मला अक्षर लागत नाही.”

मी वाचलं. एकूण बैठका नव्वद. चावा शून्य. त्यांचा चेहरा उजळला. चढायला लागलेला सरासरी वेळ: काकांचा हात अठ्ठावन्न सेकंद, माझा हात एकसष्ट, पिशवी पंचावन्न. उतरण्याचे प्रयत्न तिन्हीकडे सारखेच.

“पिशवी पंचावन्न,” काका म्हणाले.

“हो.”

“म्हणजे माझ्यात आणि पिशवीत…”

“फरक नाही. ऊब मिळाली की ती चढते.”

त्यांनी पेटीचं झाकण सरकवून नीट बसवलं. मग म्हणाले, ठीक आहे, ओळखत नसेल. पण चावली तर नाही ना? हृषीला तेवढं पुरेल. नव्वद वेळात एकदा नाही. सहन करते म्हण.

तिसरं पान राहिलं होतं. मी ते वाचलं. केस उडवणे: काकांच्या हातावर तिसांपैकी एकवीस वेळा, माझ्या हातावर वीस, पिशवीवर बावीस. केस म्हणजे काय, ते कुठे जातात, कसे जातात, हे मी तिथं चार ओळींत लिहिलं होतं. त्या चारही ओळी वाचल्या. माझा आवाज वाचताना साधाच होता, हे मला आठवतं.

वाचून झाल्यावर उजवा हात काकांनी स्वतःच्या समोर धरला आणि डाव्या डोळ्यानं पाहिला.

“ती अंग खाजवायची ते हे?”

“हो.”

“तुला कधी कळलं?”

“बाराव्या दिवशी.”

शटरच्या फटीतून एक सायकल गेलेली दिसली. त्यांनी काहीतरी मनात जुळवलं असावं.

“आणि तो वेल्डिंगचा चष्मा?”

“तेराव्या.”

“हात धुवायचीस तेही?”

“तेराव्यापासूनच.”

काकांनी भिंग उचललं, पाहिलं, आणि टेबलाच्या खणात टाकून खण बंद केला. मग काकूंना हाक मारली आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता साताऱ्याला जायचंय, हृषीला फोन लाव.

मीही गेले. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण नकोही म्हटलं नाही. हृषीकेश पुण्याहून परस्पर आला. डोळ्यांच्या डॉक्टर वयस्क बाई होत्या. त्यांनी काकांची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि बराच वेळ आत पाहिलं. मग विचारलं, घरात काही पाळता का? काकांनी सांगितलं.

“बुबुळाच्या पडद्यात चौदा दिसतात मला,” डॉक्टर म्हणाल्या. “पाच काढता येतील. बाकीचे खोल गेलेत.” त्या काकांना विचारत गेल्या आणि लिहीत गेल्या. किती वर्षं पाळताय? सहा. इतकी वर्षं काही त्रास? नाही. आधी किती वेळा हातावर घ्यायचात?

“मंगळवारी. आठवड्यातनं एकदा.”

“घेतल्यावर काय करायचात?”

“दुकान बंद असायचं. जेवून झोपायचो. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून भिंगाला हात लावायचो.”

“आणि आता?”

“आता रोज. पोरीच्या हातावर, पिशवीवर ठेवायला, उचलायलाही मीच. मग लगेच काम.”

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. रोज कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. मी भिंतीकडे पाहिलं. तिथं अक्षरांचा तक्ता होता. मंगळवारचं रोज मी केलं होतं, दीडची वेळ मी निवडली होती.

हृषीकेश माझ्याकडे वळला. तो रागात नव्हता, घाबरलेला होता. “तू हेच शिकलीस ना? तुला माहीत नव्हतं हे?”

मी तोंड उघडलं होतं.

“सांगितलं होतं तिनं,” काका म्हणाले. हनुवटी अजून यंत्रावरच होती, त्यामुळे आवाज दाबल्यासारखा आला. “पहिल्याच आठवड्यात. हात धुवा, डोळ्याला लावू नका म्हणाली. मीच ऐकलं नाही.”

काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, यांनी कधी कुणाचं ऐकलंय? मी त्यांचा हात सोडवून घेतला नाही.

बाहेर गाडीशी उभे असताना मी काकांना म्हटलं, मी घरच्यांना खरं सांगते. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती.

“तीस झाले की बोलायचं, असं ठरलं होतं आपलं,” ते म्हणाले. “तू बोललीस. मी ऐकलं. आता राहिलं काय?”

हृषीकेशला पेटी फेकायची होती. काकांनी ती फेकू दिली नाही. मयूरी नेईल, एवढंच म्हणाले. मी सगुणेला भोकं पाडलेल्या डब्यात घालून एसटीनं कोल्हापूरला नेलं आणि आमच्या विभागाला दिलं. हातावर न घेण्याची चिठ्ठी डब्यावर चिकटवली. कुलथेसरांना माझी रीत आवडली. पिशवीची कल्पना विशेष. टिपण छापून आलं. त्यात नव्वद बैठकांचं कोष्टक आहे, शेऱ्यांचा रकाना नाही. डिसेंबरात मला जागा मिळाली. मुलाखतीत समितीनं विचारलं, एवढी कमी साधनं असताना इतका नेटका प्रयोग कसा जमला? मी म्हटलं, तिला हातावर घेणारा माणूस फार चांगला होता, एकही दिवस चुकला नाही.

ओवी सव्वा महिन्याची झाल्यावर फलटणला आली. काकांनी तिला घेतलं, पण बसून, आणि काकूंनी खाली हात धरून. एका डोळ्यानं अंतर नीट कळत नव्हतं. दुकानात मग घड्याळं उघडणं बंद झालं. पट्टे आणि सेल तेवढे बदलून मिळायचे.

वर्षभरात काका नऊ वेळा साताऱ्याला गेले. सूज यायची, थेंबांनी उतरायची, परत यायची. खोल गेलेल्यांपैकी काही पडदा ओलांडून आतल्या पाण्यात उतरले होते. दहाव्या वेळी हृषीकेशला रजा नव्हती म्हणून मी गेले. एसटीत काकांनी मला पीएचडीचं विचारलं. मी सांगितलं, त्यांनी सगळं ऐकलं, मध्ये दोन शंकाही विचारल्या. सगुणेचं विचारलं. मी म्हटलं, कात टाकली, आठवा पाय पूर्ण आलाय. ते म्हणाले, छान.

तपासणीच्या खोलीत एक मुलगी होती, माझ्याच वयाची. तिनं काकांना खुर्चीत बसवलं, उजवा डोळा झाकला आणि तक्ता वाचायला सांगितला. काकांनी सहावी ओळ वाचली. मग तिनं डावा झाकला. काका पुढे वाकले. तिनं वरचं मोठं अक्षर विचारलं. त्यांनी मान हलवली. ती तक्त्याजवळ उभी राहून खुर्ची पुढे ओढायला सांगत गेली, पाच मीटर, तीन, दोन, आणि मग त्यांच्यासमोर हात धरून विचारलं, किती? त्यांनी सांगितलं नाही. ती आणखी एक पाऊल पुढे आली.

“तीन,” काका म्हणाले.

तिनं बोटं बदलली.

“दोन.”

पुन्हा.

“चार.”

तिनं कार्डावर लिहिलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं. डावा डोळा: ६/९. उजवा डोळा: बोटं मोजतात, एक मीटर.